तांब्याची घागर

पुसदच्या जिमचा जिना मी काठी टेकत चढले, तेव्हा मशीनवरच्या पोरांचे हात थांबले. डोक्यावर पदर घेतलेली म्हातारी त्यांनी तिथे कधी पाहिली नसावी. माझी नात वर्षा पोलीस भरतीसाठी रोज जाते, तिच्या मागोमाग मी.

"दादी, तू नुसती बसून पाह्य."

"पाहाले घरी टीव्ही हाये."

वैशाखात वर्षाचं लग्न होतं. माझ्या सासूने, मोतीबाईने, माझ्या लग्नात फेटिया घालून गीत धरलं होतं, तसंच मला नातीच्या लग्नात धरायचं होतं. फेटिया म्हणजे आरसे-कवड्या लावलेला आम्हा बंजारा बायकांचा घागरा. वर कांचळी, ओढणी, चांदी. सगळं मिळून सात-आठ किलो. आणि माझी पाठ दोन वर्षांपासून वाकलेली. डॉक्टर म्हणाले, थोडा व्यायाम करा. लेक अमरसिंग म्हणाला, "याडी, तू साडी नेस अन् खुर्चीवर बस. फेटिया मांडवात टांगू. पोरी त्याच्यासमोर सेल्फी काढतीन."

मी जिवंत असताना माझा फेटिया खिळ्याला!

जिममधल्या इंद्रजीत मास्तरने मला मशीनवर बसवलं. डोक्यावर दांडा, दांड्याला दोर, दोराच्या दुसऱ्या टोकाला लोखंडाच्या प्लेटा. "आजी, दांडा छातीपर्यंत ओढा."

मला हसूच आलं. नवव्या वर्षापासून मी विहिरीचं पाणी शेंदलेलं. ओढला की सरसर! आणि मग जन्मभर केलं तेच केलं. बादली वर आली, दोर सोडून दिला.

धाडकन प्लेटा आदळल्या. आरसा हादरला.

"आजी! हात काहून सोडला?"

"बादली वर आली ना. आता दोर धरून काय करू?"

पोरं खो-खो हसली. इंद्रजीत हसला नाही. "उद्यापासून नका येऊ. कोणाले लागलं तर माह्यावर येईन."

मी उठलेच नाही. "पुन्हा लाव."

"आजी, ओढता तुम्हाले येते. पण पाठ बनते ते हळू सोडताना. ते तुम्हाले जमत नाही."

जमत नाही? मोतीबाईची नवी तांब्याची घागर होती. पाण्यात सोडताना दगडाला लागून पोचा पडला, तर दिवसभर बोलणी खावी लागत. ती घागर मी वीस वर्षं विहिरीत सोडली. एक पोचा नाही.

मी डोळे मिटले. दांडा ओढला, आणि घागर हळूहळू खाली नेली. प्लेटा टेकल्याचा आवाजसुद्धा आला नाही. दहादा.

इंद्रजीतने डोकं खाजवलं. "उद्या सहा वाजता या."

पाच महिने गेले. पाठ पूर्ण सरळ झाली नाही, होणारही नाही. पण लग्नाच्या सकाळी मी फेटिया घालून मांडवात आले, तेव्हा अमरसिंग खांबावर खिळा ठोकून खाली उतरत होता.

"याडी, पडशीन!"

"सरक बाजूला."

त्या खिळ्याला मी माझी काठी टांगली आणि गीत धरलं.