एकोणतीसच्या पाढ्यानं थांबलेलं रक्त

माले गावात त्या गुरुवारी चपला काढायलाही जागा नव्हती. बहिरूबाबा भक्ताच्या बोटाला ब्लेड लावायचे, जखमेवर भस्म दाबून धरायचे, लांबलचक मंत्र म्हणायचे आणि बोट वर करून दाखवायचे. रक्त बंद! "रगताला कान असत्यात," ते सांगत. "फकस्त आमची हाक वळकतं!"

मी पुढे सरसावलो. मी हिंजवडीत संगणकापुढे बसतो, भुकूमला भाड्यानं राहतो आणि विवेकवादाच्या एका शिबिराला दुपारच्या जेवणापर्यंत हजर होतो. एवढ्या भांडवलावर मी बाबांना आव्हान दिलं. हातचलाखी नको म्हणून ब्लेडही माझंच नेलं होतं. मंत्र संपला आणि रक्त थांबलं. चकित होऊन मी बोट बघायला वाकलो, नेमका तेव्हाच कुणीतरी व्हिडिओ काढला. 'इंजिनियर नतमस्तक' या नावानं तो मुळशीभर फिरला. गेलो होतो भांडाफोड करायला, करून आलो जाहिरात, तीही फुकट.

पुढच्याच महिन्यात माझे घरमालक कुशाबा चारा तोडत होते आणि कोयता त्यांच्या हातावर बसला. त्यांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी ते रोज घेतात. टॉवेल भिजून गळायला लागला.

"गाडी काढा सायेब, माल्याला जायाचं," कुशाबांच्या पत्नी रत्नाबाई म्हणाल्या.

"अहो, दवाखान्यात जाऊ!"

"तुमचंच थांबलं न्हवं का? समद्यांनी बगितलंय."

मी गाडीची किल्ली घेतली. माझ्याच गाडीतून, पौडचा दवाखाना ओलांडून, मी त्यांना बाबांकडे नेलं.

बाबांनी भस्म दाबून मंत्र म्हटला, पुन्हा म्हटला. रक्त थांबेना. कुशाबांचे ओठ पांढरे पडले. मग बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "यांच्या घरात नास्तिक भाडेकरू ऱ्हातोय. रगत रुसलंय!"

मी कुशाबांना उचलून गाडीत घातलं. गाडी सरळ परत पौडच्या दवाखान्यात आणली.

तिथल्या डॉक्टर उत्कर्षाबाईंनी टाके घातले, इंजेक्शन दिलं. रक्त थांबल्यावर जखमेतून निघालेला पांढरा चुरा त्यांनी मला दाखवला. "ओळखलंत? भस्मातली तुरटी. दाढी करताना कापलं की न्हावी लावतो तीच. बाकी काम दाबून धरण्याचं आणि रक्ताचं स्वतःचं."

"रक्ताचं कसं?"

"जखम झाली की रक्तात थ्रॉम्बिन नावाचं द्रव्य थोडंसं तयार होतं. ते रक्त गोठवणाऱ्या इतर घटकांना जागं करतं. ते जागे झाले की आणखी थ्रॉम्बिन बनतं, ते आणखी घटकांना उठवतं. शेवटी तेच थ्रॉम्बिन रक्तातल्या एका प्रथिनाचे धागे करतं, त्यांचं जाळं होतं आणि भोक बुजतं."

"म्हंजी इर्जिकच की," कुशाबा क्षीण आवाजात म्हणाले. "लावणीला एकानं हाक दिली की चार येत्यात, त्ये आनकी धा जनांना आनत्यात."

"अगदी तसंच. तुमच्या गोळीमुळे यातली बरीच माणसं अर्धवट झोपेत आहेत. म्हणून हाक देऊनही लवकर कुणी येत नाही."

"मग माझं का थांबलं?" मी विचारलं.

"मंत्राशिवायही थांबलं असतं. तुम्ही तपासलंत का?"

नव्हतं तपासलं. शिबिरात तो भाग बहुधा जेवणानंतर होता.

पुढच्या गुरुवारी डॉक्टर आमच्यासोबत माल्याला आल्या. तेच बाबा, तीच गर्दी, माझं दुसरं बोट. या वेळी भस्म नाही, मंत्र नाही. डॉक्टरांनी स्वच्छ कापूस दाबून धरला आणि मला एकोणतीसचा पाढा म्हणायला सांगितलं. 'एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी'पर्यंत बरं चाललं. पुढे मी जे आकडे सांगितले त्यांवर पोरंसुद्धा हसली. पाढा कसाबसा संपला, कापूस काढला. रक्त बंद.

"पाडा बी मंतरच हाय!" बाबा ओरडले.

हात गळ्यात बांधलेले कुशाबा उठले. "मग चुकला तरी चालला कसा?"

बाबांना मंत्र आठवेना. कुशाबा गर्दीकडे वळले. "आदी दाबा, मग दवाखाना गाठा. मंतर सवडीनं म्हना."

मंडळी, माझं एवढंच सांगणं आहे. चमत्कार दिसला की विचारा, मंत्र म्हटला नसता तर काय झालं असतं? हा साधा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारला असता, तर एक भला माणूस माझ्या गाडीत रक्त गाळत दवाखान्यावरून पुढे गेला नसता.