स्टुलावर ठेवलेली वीट

मी एक जुनी वीट आहे, पण मी कुठल्याच भिंतीत नाही. हिंगणघाटजवळ वणा नदीकाठच्या भट्टीत मी भाजले गेले. वर्धा जिल्ह्यातल्या एका दवाखान्याचं कुंपण बांधायला आमची गाडी आली. कुंपण झालं आणि आम्ही तिघी उरलो. बाकीच्या विटांना प्लास्टर मिळालं, रंग मिळाला. आमच्या नशिबी दोरी आली. वॉर्डातले मदतनीस सदाशिवराव यांनी आम्हाला काट्यावर तोललं, एका जाड पिशवीत घातलं आणि म्हणाले, "आठ किलो. झकास!" माझं आजवर झालेलं कौतुक एवढंच.

मित्रांनो, ज्याचं खुब्याचं हाड मोडतं, त्याच्या पायाला दोरी बांधतात. ती दोरी पलंगाच्या टोकाच्या चाकावरून खाली येते आणि तिला आम्ही लटकतो. काम सोपं आहे. नुसतं लटकायचं.

गेल्या वर्षी कैलास आला. अल्लीपूरचा वायरमन, वय चौतीस. जाम गावच्या चौकात त्याच्या मोटारसायकलला जीपने उडवलं. डॉक्टर नंदिनी मॅडमनी त्याच्या आईला, आनंदाबाईंना, एक्स-रेचा फोटो दाखवला. "मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत बसतो. ती वाटी फुटली आहे आणि गोळा आत घुसला आहे. ऑपरेशन करून तुकडे जुळवू. तोपर्यंत हे वजन पाय ओढून धरेल. याला हात लावायचा नाही."

कैलासने एकच विचारलं, "मॅडम, खांबावर चढता येईन नं मले?"

"वाटी नीट जुळली, तर बघू."

दुपारी सिस्टर जेवायला गेल्या की कैलास कण्हायचा. "माय, लय वढून राह्यलं वो. जरा टेका दे नं."

"थांब बापू," म्हणत आनंदाबाई बसायचं स्टूल सरकवत आणि आमची पिशवी अलगद त्यावर ठेवत. दोरी सैल पडे. कैलासला झोप लागे. सिस्टरची चाहूल लागली की आम्ही पुन्हा खाली. खरं सांगते, मलाही बरं वाटायचं. जन्मात पहिल्यांदा कुणी मला मायेने उचललं होतं. पुढे पुढे आनंदाबाई रात्रीही मला उचलू लागल्या.

आठवड्याने नवा फोटो आला. मॅडमनी तो जुन्या फोटोशेजारी धरला. गोळा होता तिथेच होता. "वजन कमी पडतंय," म्हणून त्यांनी आणखी एक वीट घालायला लावली. आनंदाबाई पदर तोंडाशी धरून गप्प राहिल्या. मलाही तोंड नव्हतं.

बाराव्या दिवशी कैलासला ऑपरेशनला नेताना दारात आनंदाबाईंनी मॅडमचा हात धरला. "मॅडम, मी ईट उचलून ठेवत होती. रोज. मले पाह्यलं नाई गेलं."

"आता सांगितलंत, हेही कामाचं आहे," मॅडम म्हणाल्या आणि आत गेल्या.

सहा तास लागले. वाटी जुळली, पण मागचा एक तुकडा मनासारखा बसला नाही. शिवाय कैलासच्या पायाचा पंजा वर उचलेना. त्याला टाचणी टोचली तरी कळेना. मॅडम म्हणाल्या, नस अपघातातच दुखावली असेल, दिवसही बरेच गेले, कुठल्या एका गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. आनंदाबाईंनी ऐकलं. त्या रडल्या नाहीत. नुसत्या त्या पंजाला तेल चोळत बसल्या. मला काय वाटलं? काहीच नाही. भाजलेल्या मातीला तसं काही वाटत नाही, असं मी स्वतःला सांगत होते.

तीन महिने पाय जमिनीला टेकवायचा नव्हता, उकिडवं बसायचं नव्हतं. कैलासने सगळं पाळलं. परवा तो तपासणीला आला, काठी घेऊन, पंजा ओढत. आता तो वीज ऑफिसात फोनवर तक्रारी लिहून घेतो. खांब सुटला तो सुटलाच.

तो बाहेर बसला होता आणि आनंदाबाई सिस्टरना भेटायला वॉर्डात आल्या. माझ्या पलंगावर आता गिरडकडचा एक माणूस होता. तो ओरडत होता आणि त्याची बायको आम्हाला स्टुलावर ठेवत होती.

आनंदाबाई तिथेच थांबल्या. मग पुढे आल्या, पिशवी दोन्ही हातांनी उचलली, पायाने स्टूल सरकवलं आणि मला हळूच खाली सोडलं. दोरी ताणली. माणूस कळवळला.

"काऊन वो माय? जीव चालला नं त्याचा!"

"माह्या पोराचाबी असाच चालला होता. म्या टेका देल्ला. तो आता खांबावर चढत नाई."

आनंदाबाईंनी त्या बाईचा हात धरून नवऱ्याच्या हातात दिला. "हे धर," म्हणाल्या.

मित्रांनो, मी लटकत असेन तेव्हा माझी दया करू नका. मला काही होत नाही. तुमचं माणूस कण्हत असेल, तर सिस्टरला हाक मारा आणि त्याचा हात धरा. माझ्याखाली स्टूल तेवढं ठेवू नका.