पाण्यातला वाटा

थोरलीने ओल्या चादरीचं एक टोक धरलं, धाकट्या जावेने दुसरं, आणि दोघी उलटसुलट पीळ देत असतानाच वकीलबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

लॉन्ड्री दोघी जावांची, ओढ्याच्या पाण्यावर चालणारी. ओढ्याच्या वरच्या अंगाला रंगाचा कारखाना आल्यापासून पांढरं कापड निळसर होऊनच निघायचं. इस्पितळाने चादरी देणं कमी केलं, तेव्हा दोघींनी कारखान्यावर दावा लावला. पदरचं होतं नव्हतं ते वर्षभरात संपलं. मग परदेशातली एक कंपनी देवासारखी धावून आली. खर्च आमचा, वकील आमचा, भरपाईत निम्मा वाटाही आमचा. पण या देवाने सही करून घेतली होती. त्याच्या संमतीशिवाय तडजोड करायची नाही.

गेल्या वर्षी कारखानदार नमला. सांडपाणी शुद्ध करणारं यंत्र बसवतो, थोडी भरपाईही देतो, म्हणाला. परदेशातून नकार आला. स्वच्छ पाण्यातून त्यांना कसला वाटा मिळणार?

"नवा कायदा आलाय," वकीलबाई म्हणाल्या. "दाव्यामागे परदेशी पैसा असेल तर कोर्टाला कळवावं लागतं. मी काल कळवलं. उद्या न्यायाधीश तुम्हाला विचारतील."

थोरलीचे हात थांबले. "म्हणजे चार वर्षं पाण्यात?"

"उद्या बघू," वकीलबाई म्हणाल्या आणि बसल्याही नाहीत.

दुसऱ्या दिवशी कोर्टात उभं राहिल्यावर थोरलीने पदराचं टोक बोटाला घट्ट गुंडाळलं. न्यायाधीशांनी कागद वाचून चष्मा काढला.

"नव्या कायद्याने पैसे पुरवणाऱ्याला आता तडजोड अडवता येणार नाही. भरपाईतला वाटा तेवढा त्याचा. दावा तुमचा आहे. तुम्हाला काय हवंय?"

हे चार वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. तिने जावेकडे पाहिलं. धाकटीने मान डोलावली.

"पाणी, साहेब. पांढरं धुतलं की पांढरं निघावं. बाकी काही नाही."

कारखान्याचा वकील उठला. गेल्या वर्षीचा देकार कायम आहे, म्हणाला. दुपारच्या आत सह्या झाल्या.

बाहेर येताच धाकटी पायरीवर बसली. हसता हसता ती डोळे पुसू लागली. थोरलीने बोटावरचा पदर सोडला. बोट पांढरंफटक पडलं होतं.

तडजोडीची प्रत देताना कोर्टातला कारकून म्हणाला, "नव्या कायद्याखाली कळवणाऱ्या तुमच्या वकीलबाई पहिल्या. मुदत अजून पाच महिने आहे. बाकीचे वकील शेवटच्या दिवसाची वाट बघतायत. आधी कळवलं तर असली कंपनी त्यांना पुन्हा काम देईल का?"

वकीलबाई खाली फाटकाजवळ फोनवर होत्या. थोरली जवळ गेली तेव्हा त्या म्हणत होत्या, "हो, समजलं. तुमच्या बाकीच्या दाव्यांचे कागद परत पाठवते." फोन ठेवून त्यांनी लांब श्वास सोडला, डोक्यावरचा भारा उतरवल्यासारखा.

थोरली त्यांच्या गळ्याकडे बघत म्हणाली, "गळ्यातली पांढरी वकिली पट्टी मळलीय तुमची. काढून द्या."

"अहो, असू दे."

थोरलीने हात पुढे केला तो मागे घेतलाच नाही. शेवटी वकीलबाईंनी गळ्यामागची गाठ सोडली.