रक्ताचं गोत्र

कोपराच्या वळणात चिकटलेला कापूस सुकून कडक झाला होता. तो काढावा असं चिंतामणरावांना वाटत होतं आणि हात तिकडे जात नव्हता... सकाळी दवाखान्यात त्यांचं रक्त तपासलं – मुलीच्या रक्ताशी जुळलं नाही. बाप असून जुळलं नाही. जुळलं जावयाचं. मग प्रश्नच मिटला, असं वाटलं होतं त्यांना पायऱ्या उतरताना – आणि इथे, अमरावतीच्या या ओसरीवर, विहीणबाई माणिकबाई सुपारी कातरत म्हणत होत्या,

"नवऱ्याचं रक्त बायकोच्या अंगात गेलं, म्हंजे दोघं एका रक्ताची झाली. बहीणभावावानी. मंग संसार कसा करावा त्यायनं? सांगा नं व्याहीबुवा, तुमी तं शास्त्र वाचलं."

जावई वामनराव खांबाला टेकून स्वतःची नखं पाहत होते. कोर्टात म्हणे यांचा आवाज बाहेरच्या चिंचेपर्यंत जातो.

आत सत्यवती पडलेली. तिच्या नखांना रंगच उरला नव्हता. वर्षभर यकृताच्या अर्काच्या सुया टोचल्या, लोहाचं औषध पाजलं – पाण्यात गेलं सगळं. हाडांच्या पोकळीतला मगज रक्त तयार करतो, तोच आटलाय, डॉक्टर म्हणाले. आता दुसऱ्याचं रक्त चढवायचं, पुन्हा पुन्हा. तेवढ्यात मगज जागा झाला तर झाला. महायुद्धानंतर इथे ही सोय तरी आली आहे...

सोय! रक्त एक होतं म्हणे. अहो, लग्नात मीच तिला माझ्या गोत्रातून काढून तुमच्या गोत्रात दिली – तेव्हापासून दोघांचं गोत्र एकच आहे, तेव्हा नाही ती बहीणभाऊ झाली? वाक्य तयार होतं, जिभेवर होतं. पण मुलीच्या बापाची जीभ, ती व्याह्यांपुढे कशी चालावी? आणि शिवाय – याला वचन कुठलं? कोणत्या स्मृतीत? अकोल्याच्या शाळेत जन्मभर संस्कृत शिकवलं, आधाराशिवाय शब्द बोललो नाही... मुलगी मरते आहे आणि मी आधार शोधतो आहे.

"आई," आतून सत्यवतीचा आवाज आला, थांबत थांबत, "यायचं रक्त नकोच मले. मलेबी तुमाले भ्यायची सवय लागायची."

अडकित्ता थांबला. वामनरावांचे कान लालबुंद झाले. चिंतामणराव त्या कानांकडे पाहत राहिले – किती रक्त आहे या माणसात, नुसतं लाजायलासुद्धा पुरून उरतं – आणि तिच्या ओठांना नाही.

"पाह्यलं? जीभ पाह्यली तिची?" माणिकबाई म्हणाल्या. "तं सांगा व्याहीबुवा. पोथीत काय आहे?"

पोथीत काही नव्हतं. जिथे काही लिहिलेलं नसेल तिथे ते आजवर गप्प बसत आले होते. आता मात्र ती कोरी जागा त्यांना मोकळ्या मैदानासारखी दिसू लागली. त्यांनी कोपरातला कडक कापूस ओढून काढला. "पोथीत काही नाही, विहीणबाई," ते म्हणाले, "पण लग्नापासून दोघांचं गोत्र एकच आहे; तेव्हा नाही झाली ती बहीणभाऊ, मग आता रक्तानं कशी होतील?"