आभाळातून येणारी टिकटिक

जालन्याच्या भंगारवाल्याकडून पुंजाजीनं जुन्या रेडिओंचं गाठोडं आणलं, त्यात तो बोर्ड निघाला. ना कंपनीचं नाव, ना नंबर. ट्रान्झिस्टरांवरची अक्षरंसुद्धा कोणीतरी खरवडून टाकलेली. साखरखेर्ड्याच्या बाजारात पुंजाजीचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं, आणि हाती आलेली वस्तू बोलती केल्याशिवाय त्यानं कधी सोडली नव्हती. याला तर स्पीकर जोडायलाच जागा नव्हती.

सेल लावले, एरियलची तार जोडली, शेवटच्या टोकाला टॉर्चचा बल्ब लावला. बल्ब लुकलुकू लागला, एका लयीत, थांबायचं नाव नाही. एरियल काढली की मेला. म्हणजे हे बोर्डाच्या पोटातलं नव्हतं, बाहेरून येत होतं. पण कोणाकडून?

साल एकाहत्तर, बांगलादेशची लढाई पेटलेली. पुंजाजीचं अन्नावरून लक्ष उडालं.

"भित्तीकडं काऊन पाहून राह्यले? भाकर थंडी झाली," बायको कोकिळा म्हणाली.

समोरच्या कापडदुकानातल्या किसनरावानं तो बल्ब पाहिला, आणि पुंजाजी दुश्मनाले खुणा करते, असं बाजारभर झालं. लोक अर्धवट उघडलेले रेडिओ परत घेऊन गेले. मग पोलीस ठाण्यातून जमादाराचा निरोप आला, उद्या दुपारी येतो.

"विहिरीत फेका ते," कोकिळा म्हणाली.

"फेकलं तं लोक म्हणतीन, चोर होता म्हणून फेकलं."

सकाळी तो पुन्हा बोर्डावर वाकला. तांब्याच्या रेघांचा बोटानं माग काढत उलट्या दिशेनं चालला आणि बल्बच्या बऱ्याच अलीकडं एका जागी त्यानं हेडफोनची तार टेकवली. टिक, टिक, टिक. मग एकाएकी लांब-आखूड शिट्ट्या. पुंजाजी ताडकन उठला. ही तर तारेची भाषा!

पोस्टातले तारबाबू रामराव आधी हातच झटकू लागले. "माही नौकरी जाईन, पुंजाजी."

"अन् माहं दुकान? एक डाव आयका फक्त."

रामराव आले. कानाला हेडफोन लावून बसले. पुंजाजी उठे, दारापर्यंत जाई, परत बसे. शेवटी शिट्ट्या आल्या.

"नाव तं आपल्याच मुलकातल्या केंद्राचं वाटते," रामराव पुटपुटले. "पुढं वेळ सांगून राह्यला. पण सहा वाजले म्हणते!"

भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा झाले होते. खोटी वेळ कोण सांगेल? पाव तासानं पुन्हा शिट्ट्या: सव्वासहा. घड्याळात पावणेबारा.

चहा घेऊन आलेली कोकिळा हे ऐकून दारातच थबकली. "बीबीसीवाले बातम्यांच्या वक्ती म्हणतेत ना, विलायतेत एवढे वाजले अन् भारतात एवढे? साडेपाच तासाचाच फरक असते तो."

रामराव हसू लागले. "वयनी, बरोबर! लंडनची वेळ हाय ही. जगभरची जहाजं, वेधशाळा याच्यावर घड्याळ लावतेत, म्हणून आपलं केंद्र बी तेच सांगते. पुंजाजी, हे फकस्त टाइम आयकाचं यंत्र हाय लेका!"

जमादार आला तेव्हा रामराव गेले नव्हते. त्यांनी स्वतः त्याच्या कानाला हेडफोन लावला, सगळं समजावलं. जमादारानं मान डोलावली. "खरं असन बाबू. पण तक्रार हाय, मले न्यावं लागते." त्यानं बोर्ड फडक्यात बांधून नेला.

फाल्गुनात बोर्ड परत आला, निम्म्या तारा तुटलेला. गिऱ्हाइकंही एकेक करून आली. किसनराव खाली मान घालून रेडिओ ठेवून गेला. पुंजाजीनं तो बाजूला सारला आणि बोर्डाच्या तारांना डाग द्यायला कय्या तापत ठेवला.

"आता तं कयलं ना, काय हाय ते?" कोकिळा म्हणाली.

"काय हाय ते कयलं," पुंजाजी तुटकी तार निरखत म्हणाला. "आभाळातल्या एवढ्या खरखरीतून नेमकी टिकटिक कशी निवडते, ते कुठं कयलं अजून?"