लाकडाची की व्हिनाइलची

जानेवारी १९९५. त्या सकाळी दीक्षाचं पांघरूण खिडकीलाच गोठून बसलं. धर्मराजने ते ओढलं, तर चौकटीवरचा बर्फाचा पापुद्राही निघून आला. आठ वर्षांची दीक्षा कुडकुडत म्हणाली, "डॅडी, इट्स स्नोइंग इन माय रूम!"

"आता पुरे झालं," सुजाता म्हणाली. "या ॲल्युमिनियमच्या खिडक्या बदलायच्याच."

अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातलं हे जुनं घर त्यांनी दोन वर्षांपूर्वी घेतलं होतं. शनिवारी सेल्समन आला आणि त्याने चौकटींचे दोन तुकडे टेबलावर ठेवले: एक लाकडाचा, एक व्हिनाइलचा, म्हणजे कडक प्लास्टिकचा. व्हिनाइलला रंग द्यावा लागत नाही, ते कुजत नाही. लाकूडही ऊब धरतं, पण त्याची निगा राखावी लागते. दुहेरी काच दोन्हींत होतीच. सुजाताने लगेच व्हिनाइलवर बोट ठेवलं. धर्मराज मात्र लाकडाचा तुकडा नाकाशी धरून बसला.

नागपूरला इंदोरा वस्तीतल्या त्याच्या लहानपणच्या खोलीला खिडकीच नव्हती. तो मॅट्रिकला गेला त्या वर्षी कुठलासा बंगला पाडत होते. गिरणीतली पाळी सुटल्यावर बाबा तिथली सागवानी खिडकी सायकलला बांधून चार मैल चालत आले. दोन दिवस भिंत फोडली आणि ती बसवली. तिसऱ्या दिवशी दुपारी दिवा न लावता त्याने पहिल्यांदा घरात पुस्तक वाचलं. आई दारात उभी राहून नुसती बघत होती.

"लाकडाचीच घेऊ या," तो म्हणाला.

सुजाताने काय ते ओळखलं. "उद्या बाबांना फोन आहे ना? त्यांना विचारा."

फोनवर बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते हसले. "लाकडाची कायले घेतं रे बाबू?"

"आपली सागवानी होती, बाबा."

"होती ना. दरसाल पावसाळ्यात फुगे. तू शाळेत गेला का मी तिले रंधा मारत बसो. मले तर लोखंडाची पाहिजे होती, भेटली नाही." मग आवाज हळू झाला. "पोरीले थंडी कायनं वाजत नाही, ते सांग."

"व्हिनाइलनं."

"मग झालं तं!"

एप्रिलमध्ये पांढऱ्या खिडक्या बसल्या. माणसं निघून गेल्यावर धर्मराजने दीक्षाच्या खोलीतली खिडकी उघडून पाहिली. दोन बोटांनी सरकली, आवाजसुद्धा झाला नाही. बाहेर अजून गारठा होता. बाबा एकट्याने रंधा मारत बसलेले त्याला दिसत राहिले. इतक्या वर्षांत त्याला हे ठाऊकच नव्हतं.

"अहो, बंद करा, हीटिंग चालू आहे!" खालून सुजाता ओरडली.

"करतो," तो म्हणाला, आणि आणखी थोडा वेळ तिथेच उभा राहिला.