तिसऱ्या ग्लासातला धूर

ट्रेचा कोपरा तिनं दोन बोटांनी उचलला आणि खालची चिठ्ठी ओढून घेतली. बारच्या मागच्या खोलीत अजून कुणी आलं नव्हतं. पुढे मालकीण बर्फाचं यंत्र साफ करत होती आणि त्याचा खडखडाट इथपर्यंत येत होता, म्हणजे निदान दोन मिनिटं हातात होती. चष्मा डोक्यावर होता, पण तो खाली ओढायचीही गरज पडली नाही, इतकी अक्षरं मोठी होती. एक, मधाची. दोन, जुन्या पिंपातली. तीन, फळांची. चार, धुराची. पाच, साधी. शाळेत पाढे घोकावेत तशी तिनं ती यादी दोनदा घोकली आणि चिठ्ठी होती तिथे सरकवून ठेवली.

मग ती खुर्चीवर जाऊन बसली आणि तिला स्वतःची लाज वाटली. साठी उलटलेली बाई, आणि परीक्षेत कॉपी.

गेली अकरा वर्षं दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, भर दुपारी, बार उघडण्याआधी या बायका इथे जमत होत्या; आता त्या सात जणी होत्या. सुरुवात झाली ती एकीच्या नवऱ्यामुळे. व्हिस्कीतलं बायकांना काय कळतंय, असं तो चारचौघांत म्हणाला होता. त्याला स्वतःला किती कळतं ते मंडळींनी पहिल्याच वर्षी त्याला डोळे बांधून दाखवून दिलं, आणि तेव्हापासून तो या विषयावर बोलत नाही. रीत ठरलेली होती. मालकीण पाच ग्लास ओतून त्यांवर झाकण्या ठेवायची आणि बाटल्या कपाटात बंद करायची. प्रत्येकीनं हुंगायचं, एक घोट घ्यायचा, वहीत लिहायचं. जिला काहीच कळलं नाही तिनं आपला ग्लास उपडा ठेवायचा. त्यात कमीपणा नव्हता. हेडबाई, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांचे तर पाचांतले तीन ग्लास उपडे असायचे आणि तरी त्या दर महिन्याला सगळ्यांच्या आधी येऊन बसायच्या.

तिचा ग्लास मात्र अकरा वर्षांत एकदाही उपडा पडला नव्हता. तिला सगळ्या 'नाक' म्हणत. साबणाच्या कारखान्यात वासाच्या खोलीत तिनं तीस वर्षं काढली होती, आणि तिच्या नाकाखालून गेल्याशिवाय एक वडी बाहेर पडत नसे. हिच्या नाकावर माशी बसली तर ती कुठल्या घरातून आली तेही ही सांगेल, असं हेडबाई म्हणायच्या. सगळ्यांचं लिहून झालं की शेवटी ती बोलायची, आणि ती बोलली की विषय संपायचा.

पाच महिन्यांपूर्वी तिला आठवडाभर ताप आला. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत, किंवा नाही येणार, सांगता येत नाही. त्यांनी चार बाटल्या दिल्या, लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी, रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायला. ती एक दिवसही चुकली नाही. चारही बाटल्यांतून नुसती हवा यायची. एका सकाळी तिनं निलगिरीची बाटली भिंतीवर फेकून मारली, मग काचा भरल्या, फरशी पुसली, आणि घरभर केवढा वास सुटला असेल ते तिला कळलं नाही.

नातीचा जन्म त्यानंतरचा. बाळाच्या टाळूला नाक लावून लेक डोळे मिटायची आणि म्हणायची, आई, घे ना वास. ती घ्यायची, डोळेही मिटायची. भिंतीला नाक लावावं तसं वाटायचं. हे कुणाला सांगणार?

आणि दोन आठवड्यांपूर्वी ते झालं. दूध उतू गेलं, त्यानं गॅसची ज्योत विझली, आणि ती शेजारच्या खोलीत नातीला मांडीवर घेऊन गुणगुणत बसली होती. किती वेळ, देव जाणे. लेक दारातून आली ती ओरडतच खिडक्यांकडे धावली. नंतर लेकीनं विचारलं, तुला वास कसा नाही आला? सर्दी झालीय गं, नाक चोंदलंय, असं ती म्हणाली, आणि खरं वाटावं म्हणून तिनं नाक शिंकरूनही दाखवलं. लेकीनं विश्वास ठेवला. सोमवारी लेकीची रजा संपत होती. सोमवारपासून सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, नात आणि ती, दोघीच.

म्हणून तिनं स्वतःशी ठरवलं होतं. आज धुराची व्हिस्की असणार हे मागच्याच महिन्यात कळलं होतं, आणि ती मालकिणीकडची सगळ्यात उग्र बाटली होती. तो धूर नाकाला जरासा जरी लागला, तरी वास परत येतोय असं धरायचं आणि गप्प राहायचं. नाही लागला तर लेकीला फोन करायचा. इतकं साधं. आणि तरीही ती अर्धा तास आधी आली होती आणि तिनं चिठ्ठी वाचली होती. तीन महिन्यांपूर्वी सांडलेलं पाणी पुसताना ती चिठ्ठी ट्रेखाली अचानक सापडली होती, नशिबानंच. तेव्हापासून दर वेळी ती लवकर यायची. आता कुठला ग्लास धुराचा ते आधीच ठाऊक, मग नाकाची परीक्षा कसली? आपल्याच पायावर धोंडा, असं ती मनात म्हणाली, पण वाचलेलं काही पुसता येत नव्हतं.

मंडळी जमली. हेडबाईंनी वह्या वाटल्या. झाकण्या निघाल्या.

पहिल्या दोन ग्लासांना तिनं जेमतेम नाक लावलं. तिसरा हुंगला, घोट घेतला, जिभेला जळजळ झाली, बाकी काही नाही. मग चौथा. तिनं तो दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले आणि छातीत मावेल तेवढा श्वास आत ओढला. पुन्हा ओढला. ये, ती मनात म्हणाली, एवढासा ये, मी दुसरं काही मागत नाही. काही आलं नाही. कोऱ्या काचेचा थंडपणा तेवढा नाकाच्या शेंड्याला लागला.

तिनं डोळे उघडले तेव्हा सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. म्हणून ती बोलली. पहिल्यात मध आहे, म्हणाली, पण शेवटी जरा कडवट. दुसऱ्यात जुनं लाकूड आणि बंद कपाट. तिसऱ्यात पिकलेली फळं, पेअर असावं. आणि चौथा...

"चौथ्यात धूर," ती म्हणाली. "ओल्या लाकडाचा. विझत आलेल्या शेकोटीचा."

लिहून झालेल्या वह्यांवर पेन्सिली पुन्हा चालू लागल्या. एक मात्र थांबली. ती नव्या मुलीची होती, चष्म्याच्या दुकानात काम करणारी, दोनच महिन्यांपूर्वी आलेली. तिनं तिसरा ग्लास पुन्हा नाकाशी नेला आणि चटकन मागे घेतला.

"ताई, धूर तिसऱ्यात आहे ना? मला तर ठसकाच लागला."

 हेडबाईंनी वर न बघता वहीत काहीतरी खोडलं.

"नाकानं चार म्हटलंय," त्या म्हणाल्या. "चारच असणार."

मुलगी ओशाळली. बाकीच्या जणी माना हलवून लिहीत राहिल्या. अकरा वर्षं त्यांना ओळखणाऱ्या तिला त्यांची घाई जरा जास्तच वाटली. तिनं हेडबाईंच्या वहीत डोकावलं. तिथे 'धूर: तीन' असं लिहिलेलं होतं, त्यावर काट मारलेली होती, आणि शेजारी घोटीव अक्षरात 'चार'. आणि हेडबाईंना तर कधी फारसं काही कळत नसे.

पाण्याचा जग भरायचा म्हणून मालकीण उठली आणि जाताजाता तिच्या खांद्याला हात लावून गेली. ती मागोमाग गेली. बेसिनचा नळ सोडून मालकीण त्याच्याकडेच बघत राहिली.

"माफ कर गं," मालकीण म्हणाली. "तीन आणि चारची अदलाबदल झाली. ओततानाच लिहायला हवं होतं. मी मागाहून आठवून लिहिली चिठ्ठी."

जग भरून वाहू लागला तरी दोघींपैकी कुणी नळ बंद केला नाही.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

मग मालकिणीनं सगळं सांगितलं, हळू आवाजात, तुकड्या-तुकड्यांत. तापानंतरच्या पहिल्याच बैठकीत तिनं गंमत म्हणून एकच व्हिस्की दोन ग्लासांत ओतली होती, आणि नाकानं त्या दोहोंत दोन निराळ्या गोष्टी सांगितल्या होत्या. कुणी हसलं नाही. ती गेल्यावर काय करायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवलं. चिठ्ठी अकरा वर्षं मालकिणीच्या खिशातच असायची. ट्रेखाली ठेवायची कल्पना हेडबाईंची. मोठ्या अक्षरात लिही, हेही त्यांनीच सांगितलं होतं, म्हणजे चष्मा शोधावा लागायचा नाही. नव्या मुलीला तेवढं सांगायचं राहून गेलं.

"तुझा मान राहावा, एवढंच," मालकीण म्हणाली. "शेवटी खेळच आहे ना आपला? त्यात कुणाचं काय जातंय?"

तिला रडू येत होतं आणि रागही. कुणाचा राग ते तिला ठरवता येईना. पाच बायका आपल्या जिभांवर काट मारत बसल्या होत्या, तिच्यासाठी. आणि ती घरी लेकीला हेच करत होती, फक्त तिथे मांडीवर मूल होतं.

"सोमवारपासून नात माझ्याकडे असणार आहे," ती म्हणाली. "दिवसभर. मागे गॅस उघडा राहिला होता. मला कळलं नाही. ती माझ्या मांडीवर होती."

मालकिणीचा हात नळावर गेला आणि तिथेच राहिला.

"लेकीला माहितीय?"

"सर्दी म्हणून सांगितलंय."

मालकिणीनं नळ बंद केला. 

खोलीत परत येऊन ती बसली नाही. तिनं तिसरा ग्लास उचलला, उभ्यानंच नाकाशी धरला, सगळ्यांदेखत बराच वेळ. मग उरलेली व्हिस्की एका घोटात पिऊन टाकली आणि ग्लास टेबलावर उपडा ठेवला. त्यानंतर चौथा. मग बाकीचे तिन्ही. हेडबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. नव्या मुलीनं काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि शेजारणीनं तिचा हात दाबला.

तिनं पर्समधून फोन काढला.

"बाहेर निवांत बोल हवं तर," हेडबाई म्हणाल्या.

"नको. बाहेर गेले तर खोटं बोलेन."

लेकीनं लगेच उचलला. मागे बाळ कुरकुरत होतं. लेक घाईत होती आणि आनंदात होती. सोमवारची पिशवी आत्ताच भरून ठेवलीय, म्हणाली, दुपट्यांवर खुणा केल्यात, औषधाचा कागद वरच्या कप्प्यात आहे, आणि आई, तू आहेस म्हणून मी कामावर जाऊ शकतेय, नाहीतर अनोळखी बाईच्या हाती एवढंसं लेकरू द्यायला माझा जीवच झाला नसता. ती ऐकत राहिली. टेबलाभोवतीच्या सहा जणी आपापल्या वह्यांकडे बघत होत्या.

"ऐक," ती म्हणाली. "त्या दिवशी मला सर्दी नव्हती."